वहिनींचे नऊ होल

४ जानेवारी

प्रिय भावजी,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवते. या पत्राला तुम्ही काय उत्तर देता ते पाहून पाठवायचे की नाही ते ठरवीन.

काल सकाळी आमच्या गोल्फच्या मैदानाच्या फाटकावर नगरपालिकेने एक फलक लावला. त्यावर रंगीत आराखडा आहे: सात मजली इमारती, त्यांच्यामधून वळत जाणारी पायवाट, आणि आमचा तिसरा होल जिथे आहे बरोबर तिथे एक बाक व त्यावर बसलेले एक हसतमुख जोडपे. कोपऱ्यात आराखडा काढणाऱ्याची बारीक सही. धाकट्या दिराची सही ओळखू येऊ नये, इतकी काही मी कालपरवा या घरात आलेली नाही.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" म्हणता आणि कागदावर स्वतःच्या मनाचे करता. तेव्हा यापुढचे बोलणे कागदावरच होईल.

तुम्ही नगररचनाकार आहात. गोल्फ तुम्ही फक्त टीव्हीवर, तोही चॅनल बदलताना पाहिला असणार. म्हणून आधी थोडे शिकवते. आयुष्यभर विज्ञान शिकवले, ती खोड निवृत्तीने जात नाही. मैदान नगरपालिकेचे आहे आणि त्यात नऊ होल आहेत. प्रत्येक होल म्हणजे एक छोटा प्रवास समजा. सुरुवातीला सपाट चौथरा, शेवटी बारीक कापलेल्या हिरवळीत एक भोक आणि त्यात उभा झेंडा. चौथऱ्यावरून चेंडू मारायचा, पडेल तिथून पुन्हा मारायचा, आणि जमेल तितक्या कमी फटक्यांत भोकात घालायचा. फाटकाजवळच्या खिडकीवर काठ्या भाड्याने मिळतात, आणि एका फेरीचे भाडे बसच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाहून फार जास्त नसते. शहरात दुसरे मैदान आहे ते खासगी क्लबचे. तिथल्या सभासदत्वाच्या पैशांत तुमच्या आराखड्यातले एखादे घर येईल.

म्हणजे हे मैदान गेले, की आमच्या बुधवारच्या गटाचा खेळ संपला. गटात मी आहे, कपडे शिवणाऱ्या टेलरताई आहेत, दवाखान्यातल्या दोन परिचारिका आहेत, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना सगळे बँकवालेच म्हणतात. आमच्यातल्या कुणालाही दुसरीकडे जाणे परवडणार नाही. मी तर निवृत्तीनंतर इथेच पहिल्यांदा काठी हातात धरली. ती मी सुखासुखी खाली ठेवणार नाही, हे लक्षात असू द्या.

फलकावर कारण दिले आहे, "अत्यल्प वापर". विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की मी उत्तराला हात लावत नाही, आधी कृती तपासते. तेव्हा कृती पाठवा. वापर मोजला कसा?

ह्यांना फलक दाखवून विचारले, "धाकट्याने असं का केलं असेल हो?" बराच वेळ पाहून म्हणाले, "बाक छान काढलाय." तुमच्या घराण्याकडून याहून जास्त अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे.

तुमची,
वहिनी


११ जानेवारी

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली असल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तसाच स्वीकारावा.

पत्र मिळाले त्याच दिवशी साहेबांकडे गेलो आणि सांगितले, की या मैदानावर माझी सख्खी वहिनी खेळते. हे काम माझ्याकडे ठेवणे योग्य आहे का ते पाहा. साहेबांनी विचारले, "त्या तुमचं ऐकतात का?"

"नाही, साहेब."

"आणि तुम्ही त्यांचं?"

"त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून."

"मग हरकतींच्या सुनावणीला तुम्ही फिरकू नका. आराखडा मात्र तुम्हीच पूर्ण करा, माझ्याकडे दुसरा माणूस नाही."

आता घरांविषयी. तुम्ही मला खेळ शिकवलात, तेव्हा मीही थोडे शिकवतो. आमच्या कार्यालयात नकाशे काढणारी एक मुलगी आहे. सकाळी घर सोडते तेव्हा तिचा मुलगा झोपलेला असतो, आणि ती परतते तेव्हा पुन्हा झोपलेला असतो. कारण एकच: तिला परवडणारे घर शहराच्या टोकाला आहे. अशी माणसे या शहरात हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी जागा शोधायची तर ती शहराच्या मध्यावर, बसच्या रस्त्यावर आणि नगरपालिकेच्या मालकीची हवी. अशी एकच जागा आहे, आणि तिच्यावर तुम्ही चेंडू मारता. तुमच्या परिचारिकांना एकदा विचारून पाहा, त्या राहतात कुठे.

कृती हवी होती ना? घ्या. गोल्फच्या मैदानांसाठी आमच्या क्षेत्रात ठरलेली पद्धत आहे. पार्किंगमधल्या गाड्या मोजायच्या आणि दर गाडीमागे दोन खेळाडू धरायचे. आमची माणसे आठवडाभर तुमच्या पार्किंगमध्ये बसून होती. पार्किंग शंभराहून अधिक गाड्यांचे, आणि त्यात बहुतेक वेळ मोटार शिकवणाऱ्या शाळेची एकच गाडी रडतखडत मागेपुढे होत होती. आकडे खोटे बोलत नाहीत, वहिनी.

बाकावरचे जोडपे संगणकात तयार मिळते. दादाला कळवा, म्हणजे तो उगीच माझे कौतुक करणार नाही.

आपला,
भावजी


१५ जानेवारी

प्रिय भावजी,

आशीर्वाद सोडले, या पत्रासोबत घ्या! इतकी सुरेख चूक करणाऱ्याला आशीर्वाद नाकारणे माझ्याच्याने होणार नाही.

नीट समजावून सांगते. तुमची पद्धत चुकीची नाही. ती खासगी क्लबांसाठी अगदी योग्य आहे. तिथे माणूस गाडीतून उतरतो, गाडीतूनच पिशवी काढतो, आणि खेळून पुन्हा गाडीत बसतो. आमच्याकडे गाडीवाला येईल कशाला? तो क्लबात जाईल. बँकवाले सायकलवर येतात, दांडीला काठ्यांची पिशवी बांधून; दुरून पाहणाऱ्याला वाटते, गृहस्थ तंबू ठोकायला निघालेत. परिचारिका दवाखान्यातून चालत येतात. टेलरताई बसने येतात. एकदा वाहकाने त्यांना विचारले, "बाई, एवढ्या काठ्या कशाला?" त्या म्हणाल्या, "नवऱ्यासाठी." तेव्हापासून तो त्यांच्यासाठी बस थांबवून ठेवतो.

पार्किंगमधल्या गाड्यांवरून आमची संख्या काढणे म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले चहाचे कप मोजून शाळेचा पट सांगणे आहे.

आता मोजणी मी करते. पहिल्या होलच्या चौथऱ्याजवळ खुर्ची ठेवायची, गटातल्या माणसांनी आळीपाळीने बसायचे, आणि पहिला फटका मारणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची. ओळखीचा असेल तर नाव, नसेल तर वर्णन. निष्कर्ष आधी ठरवायचा नाही आणि निरीक्षणात भावना मिसळायची नाही. मोजणी करणाऱ्यांचा मी एक तास घेतला. टेलरताई शेवटी म्हणाल्या, "एवढं तर मला शिवणाच्या क्लासात पण शिकवलं नव्हतं."

जाता जाता खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट सांगते. कच्च्या खेळाडूला इथे काही फटके आधीच माफ असतात, त्यामुळे तो पट्टीच्या खेळाडूशीही बरोबरीने झुंजू शकतो. याला हँडिकॅप म्हणतात. आपल्या या वादात तुम्हाला तीन चुका माफ करते आहे. पहिली झाली.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनींस,

नमस्कार. तुमची मोजणी, तक्ता आणि चार रंगांतला आलेख पोहोचला. साहेबांनी आलेख भिंतीवर लावला आणि "या कार्यालयात असा आलेख कुणाला काढता येत नाही" असे जाहीर केले. मी शेजारीच उभा होतो.

गाड्यांची पद्धत तुमच्या मैदानाला लागू पडत नाही, हे मी साहेबांना लेखी कळवले आहे. एक चूक माझी, मान्य.

आता एक भाबडी शंका. तुमच्या तक्त्यात सकाळी लवकर "बँकवाले" अशी नोंद आहे. त्यानंतर दोनेक तासांनी, परिचारिकेच्या पाळीत, "निळी टोपी, पांढऱ्या मिशा, सायकलची क्लिप पँटला तशीच" अशी नोंद आहे. हे दोन वेगळे गृहस्थ आहेत का? असल्यास त्यांची भेट घालून द्यायला हवी, पुष्कळ साम्य आहे.

तुमच्यामुळे मी गोल्फवर वाचन सुरू केले. त्यात असे कळले की पुरी फेरी अठरा होलांची असते. मग नऊ होलांच्या मैदानावर माणसे काय करतात? नववा संपला की पुन्हा पहिल्या चौथऱ्यावर येतात ना? म्हणजे तुमच्या खुर्चीसमोरून दुसऱ्यांदा जातात ना? आणि तुमची पाळी बदललेली असली, तर नव्या डोळ्यांना ती नवी माणसे वाटतात ना?

शिवाय "उंच गृहस्थ, हातात थर्मास" तीन ठिकाणी खेळाडू म्हणून धरले आहेत. दादा केव्हापासून खेळायला लागला?

माफीची सवलत शिक्षकांनाही असते की फक्त विद्यार्थ्यांना, ते कळवावे. पुढच्या शनिवारी मी स्वतः येतो आहे. आराखडा काढण्याआधी जमिनीवरून चालायला हवे होते, ते आता चालतो.

आपला,
भावजी


६ मार्च

प्रिय भावजी,

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले, तरी तुमच्या खेळाची चर्चा अजून शमलेली नाही. तुमचा पहिला फटका हवेला लागला, दुसरा जमिनीला आणि तिसरा टेलरताईंच्या डब्याला. "ह्यांनी काढलेली घरं सरळ उभी राहतात ना हो?" असे त्यांनी मला हळूच विचारले. पण चौथा, भावजी! चौथा चेंडू कसा उंच गेला, आणि तुम्ही तोंड उघडे ठेवून, पोर आकाशात विमान शोधते तसे बघत राहिलात. तुमचा तो चेहरा मला अहवालाला जोडता आला असता तर आलेख काढायची गरजच नव्हती.

असो. मोजणी पुन्हा केली. या वेळी प्रत्येकाला हातात बांधायला रंगीत फीत दिली, म्हणजे दुसऱ्या फेरीला आलेला ओळखू येतो. (ह्यांनीही फीत मागितली. दिली, पण मोजले नाही.) खरा आकडा तुमच्या आकड्याहून पुष्कळ मोठा निघाला आणि माझ्या आधीच्या आकड्याहून पुष्कळ छोटा.

गटाला सांगितले तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. टेलरताई म्हणाल्या, "आधीचाच आकडा देऊन टाका. कोण तपासतंय?"

"भावजींनी तपासलाय."

"ते घरचेच आहेत ना?"

"म्हणूनच."

"बाई, तुम्ही मैदान वाचवायला निघालाय की पेपर तपासायला?"

निघाले मैदान वाचवायलाच. पण चुकलेली कृती फळ्यावर तशीच ठेवून मला वर्गाबाहेर पडता येत नाही. सुनावणीत खराच आकडा देणार.

दुसरे म्हणजे, तुम्ही म्हणाला होतात म्हणून परिचारिकांना विचारले. त्यांच्यातली धाकटी दोन बस बदलून दवाखान्यात येते. बुधवारी पाळी संपवून नऊ होल खेळते आणि मग पुन्हा दोन बस. इतके दिवस आम्ही बरोबर चालतो, आणि तिच्या मनगटाचा कोन मला पाठ आहे. घर मात्र ठाऊक नव्हते. तुमचा मुद्दा मला आवडलेला नाही, पण तो चुकीचा आहे असे आता म्हणता येत नाही.

खऱ्या आकड्यावर मैदान वाचेल का? एका शब्दात सांगा.

तुमची,
वहिनी


१० मार्च

तीर्थरूप वहिनींस,

माहीत नाही.

दोन शब्द झाले, क्षमस्व. माझी दुरुस्ती लेखी दिली आहे, आणि सुनावणीत साहेब ती वाचून दाखवतील. ते खूश नाहीत. मैदानाचा वापर मी चुकीचा मोजला, हे तर त्यात आहेच. शिवाय खेळाडूंच्या मानाने पार्किंग अवाढव्य आहे आणि ते बांधताना कुणी विचार केला नव्हता, हेही लिहिले आहे.

मी येणार नाही, ठरल्याप्रमाणे. काय घडले ते सविस्तर कळवा. "सविस्तर" हा शब्द तुमच्या बाबतीत अनावश्यक आहे, याची जाणीव आहे.

त्या चेहऱ्याबद्दल कुणाला सांगू नका.

आपला,
भावजी


२९ मार्च

प्रिय भावजी,

सुनावणी झाली. क्रमाने सांगते.

सभागृह भरले होते. डाव्या बाजूला आम्ही, उजव्या बाजूला घरांसाठी अर्ज केलेली माणसे. अगदी लग्नात मुलाकडचे-मुलीकडचे बसतात तसे. आमची धाकटी परिचारिका दारातच थबकली. कुठे बसावे ते तिला कळेना. शेवटी मधल्या वाटेवर खुर्ची टाकून बसली.

साहेबांनी तुमची दुरुस्ती वाचली. गृहपाठ न केलेला मुलगा ज्या आवाजात कारण सांगतो, त्या आवाजात वाचली. मी हात वर केला.

"मागे ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

"बाई, तुम्ही पुढेच बसलाय."

"मागच्यांच्या वतीने बोलते आहे."

त्यांनी पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा बरीच चांगली वाचली.

मग माझी पाळी आली. आधी खरा आकडा सांगितला. मग माझा पहिला आकडा का चुकला होता, तेही सांगितले. सभागृहात फळा होता, खडू होता. मला राहवले नाही. नऊ होल काढले, बाण काढले, एकच माणूस पहिल्या चौथऱ्यावर दोनदा कसा येतो ते दाखवले. उजवीकडची माणसे माना डोलवू लागली. डावीकडे टेलरताईंनी कपाळाला हात लावला. ओघात मी घरांच्या बाजूचा मुद्दाही मांडला, कारण उजवीकडून जे गृहस्थ बोलले होते त्यांनी तो फार विस्कळीत मांडला होता आणि मला ते बघवले नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, एक सांगा. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

सगळे हसले. मी मैदानाच्या बाजूची आहे असे सांगितले, पण कोणाला पटले असेल असे वाटत नाही.

तेवढ्यात टेलरताई उठल्या. त्यांचे नाव यादीत नव्हते. "साहेब, मला खेळपण पाहिजे आणि माझ्या मुलाला घरपण पाहिजे. दोघांतलं एक निवड म्हणता, मी काय हार घेऊन स्वयंवराला उभी आहे? आत्ता तुम्हीच वाचलं ना, ते पार्किंग एवढं मोठं आणि रिकामं? दोनदा वाचलं. मग घरं तिथे का नाही बांधत? मोटार शिकणाऱ्यांची तेवढी गैरसोय होईल."

मधल्या वाटेवरून टाळी आली. पहिली धाकट्या परिचारिकेचीच.

अध्यक्षांनी आदेश दिला की आराखडा नव्याने काढावा, पार्किंगचा विचार करावा, आणि खेळाडूंचे लेखी मत घ्यावे. घरी आल्यावर ह्यांनी विचारले, "जिंकलीस का?" म्हटले, "सांगता येत नाही." हे म्हणाले, "म्हणजे खरं बोललीस." आणि चहा टाकायला उठले.

आता चेंडू तुमच्याकडे. नीट मारा.

तुमची,
वहिनी


१२ एप्रिल

तीर्थरूप वहिनींस,

नमस्कार. नवा आराखडा सोबत आहे. त्यात बाक नाही.

तुमच्याच पद्धतीने कृती दाखवतो. पार्किंगच्या जागेत दोन इमारती बसतात. समितीला किमान चार हव्यात. त्याहून कमी घरांसाठी नगरपालिका खर्च मंजूर करणार नाही, आणि मग जुना आराखडा पुन्हा बाहेर येईल, म्हणजे सगळेच मैदान जाईल. पार्किंगला लागून तुमचा नववा होल आहे. तो घेतला तर चार इमारती बसतात आणि उरलेले आठ होल जागचे हलत नाहीत. मी इमारती वळवून, सरकवून, उंच करून पाहिल्या. नकाशे काढणारी ती मुलगीही माझ्याबरोबर बसली होती. नववा वाचत नाही.

बँकवाले मला मैदानावर म्हणाले होते, की नऊचे मैदान असते आणि अठराचे असते, दुसरे कुठले असल्याचे त्यांनी कधी ऐकलेले नाही. म्हणजे हा आराखडा खेळाला लंगडा करतो, हे मला कळते. पण याहून चांगला माझ्याजवळ नाही. समितीला खेळाडूंचे मत महिनाअखेरीस हवे आहे, आणि ते तुमच्या सहीने जायचे आहे.

वहिनी, ही माझी दुसरी चूक असेल तर सांगा. खरेच सांगा.

आपला,
भावजी


३ मे

प्रिय भावजी,

मत मुदतीत गेले. पत्राला मात्र उशीर झाला. चूक नाही तुमची. मी तीनदा तपासले.

आठ होलांवर फेरी पुरी होत नाही, आणि फेरी पुरी झाली नाही तर कच्च्या खेळाडूंच्या त्या माफ फटक्यांचा हिशेबच कोलमडतो. म्हणजे नवशिक्यांनी पुन्हा पट्टीच्या खेळाडूंकडून मार खायचा. ते मला मान्य नव्हते. म्हणून मैदानाचा नकाशा टेबलावर पसरून बसले. नऊ हवेत, जागा आठांची आहे. तर मग आठांतल्या एकाचे दोन करावे लागतील. आमचा पाचवा होल सर्वांत लांब आहे. त्याच्या मध्यावर एक नवी हिरवळ आणि पुढे एक नवा चौथरा केला, की दोन आखूड होल तयार. मी भुईवर मापे घेऊन खात्री केली. सोपे होते. इतके सोपे, की ते सुचल्यावर मी दोन दिवस कुणाला सांगितले नाही.

कारण पाचवा माझा आहे. लांब फटका मला बरा जमतो, बाकीचे बेताचेच. आखूड होलांवर बँकवाले मला दर वेळी हरवतात आणि वर सौजन्याने झेंडा धरून उभे राहतात. फक्त पाचव्यावर मी त्यांना मागे टाकते.

बुधवारी गटापुढे नकाशा ठेवला. बँकवाल्यांनी चष्मा पुसून पाहिला.

"पाचवा तोडायचा? तुमचा?"

"हो."

"मग तुम्ही मला हरवणार कुठे?"

"शोधीन."

धाकटी परिचारिका म्हणाली, "काकू, नववाच राहू दे ना. घरं काय, कधीतरी मिळतील." तिला मी सरळ सांगितले, की मनगट आणि मत, दोन्ही अशी ऐन वेळी वळवायची नसतात.

सही केली. मग एकटीच पाचव्यावर गेले आणि एक फटका मारला. तो इतका वाईट बसला, की सोडून जाणे सोपे झाले.

तुमची,
वहिनी


२० नोव्हेंबर

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. आपली पत्रे दोन वर्षे थांबली, कारण भांडण्यासारखे काही उरले नव्हते. आता उरले आहे.

चारही इमारतींत माणसे राहायला आली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काल रहिवाशांची तक्रार माझ्या टेबलावर आली. मैदानातून येणाऱ्या चेंडूंमुळे दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीतील कुंडी फुटली, सबब जाळी बसवावी, अशी मागणी आहे. रहिवाशांच्या तक्रारी मी आयुष्यभर वाचत आलो. त्यांत राग असतो, धमकी असते, शेवटी आमदारांचे नाव असते. हिच्यात प्रस्तावना आहे. वस्तुस्थिती, कारणमीमांसा आणि उपाय असे भाग आहेत. चेंडू हवेत उजवीकडे का वळतो, याची बाणांसह आकृती आहे. "सदर चेंडू बहुतांशी बुधवारी व बहुतांशी एकाच ज्येष्ठ खेळाडूकडून येतात" असे निःपक्षपाती वाक्य आहे.

सह्या रहिवाशांच्या आहेत. पण या शहरात अशी आकृती काढणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. आरोपी आणि तक्रार लिहून देणारी एकच आहे का, एवढे कळवावे.

आपला,
भावजी


२४ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

होय.

पाचव्याचे दोन झाल्यापासून मला जोर काढायला एकच होल उरला आहे, जुना आठवा. आता तोच नववा. तो तुमच्या इमारतींच्या कडेने जातो. त्या दिवशी जोर जरा जास्त निघाला. कुंडीवाली बाई माझा चेंडू मुठीत घेऊन खाली आली, तावातावाने. हातात तक्रारीचा कागदही होता. मी वाचला. मुद्दा अगदी बरोबर होता, भावजी, पण मांडणी! "तुमच्या त्या म्हातारीने कुंडी फोडली, तिला आवरा." एवढेच. तारीख नाही, अंतर नाही, कारण नाही. असल्या कागदावर नगरपालिका काय कार्यवाही करणार? मी तिला काठ्यांच्या खिडकीजवळच्या बाकड्यावर बसवले आणि दोघींनी मिळून पुन्हा लिहिला. "म्हातारी" खोडून "ज्येष्ठ खेळाडू" केले. तेवढा पक्षपात मात्र झाला.

आकृती काढताना ती विचारू लागली, "पण हा वळतोच का?" तोंडी सांगून कळेना, म्हणून काठी हातात देऊन प्रात्यक्षिक करावे लागले. आता ती दर बुधवारी येते. तिचाही उजवीकडेच वळतो, त्यामुळे तिच्या शेजारणीने दुसरी तक्रार तयार केली आहे. तीही मला तपासायला आली आहे. पुढच्या टपालाने पाठवते.

बँकवाल्यांना गेल्या बुधवारी नवव्यावर हरवले. झेंडा मी धरला.

जाळी लवकर मंजूर करा. आकृतीत उंची दिली आहे, पण प्रत्यक्षात थोडी जास्तच धरा. ती उंची मी माझ्या आजच्या फटक्यांवरून काढली आहे, आणि माझा खेळ अजून सुधारतो आहे.

तुमची,
वहिनी